नगरांची जुनी छायाचित्रे व त्यांतील भाषिक पुरावा

१. विषयाचे स्वरूप

नगराचा इतिहास लिहिताना दप्तरे, शिलालेख, नकाशे, प्रवासवर्णने आणि नगरपालिकांचे अहवाल यांचा साधने म्हणून उपयोग करण्याची प्रथा आपल्याकडे चांगली रूढ झालेली आहे. छायाचित्रांकडे मात्र आपण बहुधा शोभेची वस्तू म्हणूनच पाहतो. ग्रंथाचा मजकूर पुरा झाला की त्यात चार-सहा जुनी चित्रे घालावयाची, आणि तीही मजकुराला सोबत म्हणून. चित्रावरून एखादे विधान सिद्ध करावे किंवा खोडून काढावे, असा विचार क्वचितच होतो. त्यामुळे गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत आपल्या नगरांचे रस्ते, पेठा, बाजार आणि घरे कशी पालटत गेली याचा एक प्रत्यक्ष पुरावा हाताशी असूनही तो बहुतांशी न वाचलेलाच राहिला आहे.

येथे ‘वाचलेला’ हा शब्द मी हेतुपूर्वक योजला आहे. छायाचित्र हा डोळ्यांचा विषय असून भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण काय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येते की, रस्त्याच्या अथवा इमारतीच्या कोणत्याही चित्रात भाषेचा प्रवेश तीन ठिकाणी होतो. पहिले ठिकाण चित्राच्या आत : दुकानांच्या पाट्या, भिंतींवरील अक्षरे, स्थानकांचे फलक. दुसरे चित्राच्या खाली किंवा पाठीमागे : छायाचित्रकाराने, प्रकाशकाने अथवा मालकाने लिहिलेला मथळा. तिसरे चित्राच्या समोर : ते पाहून जाणत्या माणसाच्या तोंडून निघणारी नावे. सोयीसाठी या तिहींना आपण अनुक्रमे अंतर्लेख, अधोलेख व मुखनाम अशा संज्ञा देऊ. यांपैकी पहिले दोन कागद टिकेल तोवर टिकतात. तिसरे माणूस असेल तोवरच टिकते. प्रस्तुत लेखाचा सारा भर अखेर या भेदावर आहे.

उदाहरणे मुख्यत्वे मुंबईची घेतली आहेत, कारण महाराष्ट्रात नगराच्या स्थित्यंतराची चित्रे तेथेच सर्वांत आधी आणि सर्वांत विपुल काढली गेली. मात्र विवेचनाचा रोख यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावाकडे आहे. मुंबईचे काम करणारे पुष्कळ आहेत. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा यांचे काम तेथील माणसांनी केल्यावाचून होणारे नाही.

२. मुंबईतील आरंभ

छायाचित्रणाचा शोध युरोपात १८३९ साली जाहीर झाला. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत एतद्देशीय गृहस्थही होते, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या नव्या विद्येशी जवळचा संबंध होता. याच सुमारास हरिश्चंद्र चिंतामणि यांनी मुंबईत व्यवसाय म्हणून छायाचित्रण केले. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी ‘इंडियन अमॅचर्स फोटोग्राफिक आल्बम’ ही चित्रमाला प्रसिद्ध केली. मुंबईतील स्थळे आणि लोक यांची चित्रे तीत मासिक अंकांच्या रूपाने येत असत.

या आरंभाचा काळ मोठा अर्थपूर्ण आहे. १८६२ साली सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आले आणि जुन्या कोटाचे तट पाडण्याचे काम हाती घेण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) हिंदी कापसाला अपूर्व भाव आला होता आणि त्या पैशाच्या जोरावर मुंबई नव्याने बांधली जात होती. तट पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीवर सचिवालय (१८७४), उच्च न्यायालय व राजाबाई टॉवर (१८७८) या इमारतींची ओळ उभी राहिली. जुन्या ‘बॉम्बे ग्रीन’वर एल्फिन्स्टन सर्कल झाले, तेच आजचे हॉर्निमन सर्कल. म्हणजे तट अद्याप उभे असतानाच कॅमेरा मुंबईत येऊन पोहोचला होता. जुने नगर आणि नवे नगर या दोहोंची साक्ष एकाच साधनाने द्यावी, असा हा योग होय.

हा योग केवळ मुंबईचाच नव्हे. पॅरिसचे जुने गल्लीबोळ पाडून सरळ हमरस्ते काढले जात असताना चार्ल्स मारव्हिल याने नगरपालिकेच्या सांगण्यावरून १८६०–७० या दशकात त्या नाहीशा होणाऱ्या गल्ल्यांची चारशेहून अधिक चित्रे काढली. ग्लासगो येथे १८६६ च्या सुधारणा-कायद्यानंतर टॉमस ॲनन याने १८६८ पासून तेथील जुन्या अरुंद बोळांची चित्रे घेतली. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा तपासणी, रुग्णालये आणि वस्त्या यांची चित्रे काढविण्यात आली. पुढे १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. या सर्व ठिकाणी एक समान सूत्र दिसते. जे पाडावयाचे ठरले त्याची चित्रे काढण्याची इच्छा बहुधा पाडणाऱ्यालाच प्रथम होते. म्हणून अशा चित्रांत जुन्या वस्तीचा अंधार, अरुंदपणा व ओल ठळकपणे दिसावी याची काळजी घेतलेली असू शकते. ती चित्रे खोटी नसतात. परंतु ती एका पक्षाची साक्ष असते, हे अभ्यासकाने विसरू नये.

३. चित्राची साक्ष व तिच्या मर्यादा

भाषिक पुराव्याकडे वळण्यापूर्वी चित्राच्या स्वतःच्या मर्यादांचा निर्देश करणे अवश्य आहे.

१८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच ओली असेतोवरच चित्र घेऊन धुवावे लागे, आणि प्रकाश कित्येक सेकंदपर्यंत आत घ्यावा लागे. तेवढ्या वेळात चालणारा माणूस, धावणारी गाडी किंवा हलणारे जनावर यांचा काचेवर ठसा उमटत नसे. उमटलाच तर धूसर रेघेसारखा. त्यामुळे त्या काळातील भर बाजाराचे चित्रही ओसाड दिसते. त्यावरून ‘त्या काळी येथे वर्दळ नव्हती’ असे अनुमान काढणे ही उघड चूक होय. जो स्थिर उभा राहिला तेवढाच चित्रात आला. १८८० नंतर कोरड्या काचा सर्रास वापरात आल्यावर रस्त्यावरील माणसे चित्रांत दिसू लागतात. ही वाढ लोकसंख्येची नव्हे, रसायनाची होय.

दुसरी मर्यादा रचनेची. जॉन्सनने १८६३ व १८६६ साली मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची जी चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली त्यांत माणसांचे चित्र एक आणि मागची पार्श्वभूमी दुसरीच, असे जोडकाम केलेले आढळते. ज्या इमारतीपुढे माणसे उभी दिसतात त्या इमारतीपुढे ती प्रत्यक्षात उभी राहिली होती, असे त्यावरून म्हणता येत नाही. चित्रावर लबाडीचा आरोप करण्याचे येथे कारण नाही; तो त्या काळच्या कलेचा भाग होता. परंतु पुरावा म्हणून वापरताना हा भेद ठाऊक असला पाहिजे.

तिसरी गोष्ट कालनिश्चितीची. चित्रावर साल नसेल तर त्यातील वस्तूंवरून पूर्वसीमा आणि उत्तरसीमा ठरवाव्या लागतात. मुंबईच्या रस्त्याच्या चित्रात घोड्यांची ट्राम असेल तर ते १८७४ नंतरचे. विजेची ट्राम असेल तर १९०७ नंतरचे आणि ३१ मार्च १९६४ च्या आतले, कारण त्या दिवशी ट्राम कायमची थांबली. बसगाडी दिसली तर १९२६ नंतरचे. अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडिया पुरा उभा असेल तर १९२४ नंतरचे, आणि ताजमहाल हॉटेलही नसेल तर १९०३ पूर्वीचे. अशा दोन-तीन सीमा एकत्र आणल्या की चित्राचा काळ पुष्कळदा पाच-दहा वर्षांच्या आत सापडतो. मात्र ‘आहे’ यावरून काढलेले अनुमान जितके पक्के असते तितके ‘नाही’ यावरून काढलेले नसते, कारण एखादी वस्तू केवळ चौकटीबाहेर राहिलेली असू शकते.

४. अंतर्लेख : चित्रातील अक्षरे

अंतर्लेखाचा पहिला उपयोग अगदी साधा आहे. काचेवरील प्रतिमेची कागदावर प्रत काढताना काच उलटी धरली गेली तर सबंध रस्ता डावी-उजवीकडे पालटतो. घरे, झाडे, माणसे यांवरून ही चूक लक्षात येईलच असे नाही. पाटीवरील अक्षरे मात्र तत्काळ उलटी दिसतात. धोतराची व साडीची ठेवण, सदऱ्याची गुंडी यांवरूनही शंका येते. तथापि अक्षराइतका निःसंदिग्ध साक्षीदार दुसरा नाही.

दुसरा उपयोग लिपींच्या इतिहासाचा. एखाद्या बाजारपेठेत कोणत्या काळी कोणत्या लिपीत पाट्या होत्या, कोणती लिपी वर आणि कोणती खाली, कोणत्या धंद्याला कोणती लिपी, हे आपणास अन्य साधनांतून सहसा समजत नाही. दप्तरे सरकारची भाषा सांगतात, ग्रंथ विद्वानांची. दुकानाची पाटी गिऱ्हाइकाची भाषा सांगते. पाटी लावणारा दुकानदार भाषेच्या अभिमानापेक्षा गिऱ्हाइकाच्या वाचनशक्तीकडे अधिक पाहतो. वऱ्हाडसारख्या प्रदेशात, जेथे निजामी अमलाची फारसी परंपरा, मोडीतील हिशेब, बालबोधातील छापील मराठी, व्यापाऱ्यांची गुजराती-मारवाडी आणि कचेरीची इंग्रजी ही सर्व एकाच पेठेत नांदत होती, तेथे पाट्यांचा हा पुरावा मोलाचा ठरावा.

तिसरा उपयोग शब्दसंग्रहाचा. पाटीवर धंद्याचे नाव काय लिहिले आहे? ‘दुकान’, ‘पेढी’, ‘भांडार’, ‘मार्ट’, ‘स्टोअर्स’, ‘एम्पोरियम’ हे शब्द एकामागून एक कसे आले व गेले, याची नोंद कोशांत नसते. असली तर सालवार नसते. एकाच रस्त्याची वीस-वीस वर्षांच्या अंतराने काढलेली तीन चित्रे मिळाली तर ती अशा शब्दांच्या चढउताराचे जणू कोष्टकच होते.

५. अधोलेख : मथळे आणि शुद्धलेखन

अधोलेख चित्रापेक्षा अधिक बोलका वाटतो, आणि म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कसून करावयास हवी. मथळा चित्राबरोबरच लिहिला गेला असेल असे नाही. प्रकाशकाने कार्ड छापताना तो घातला असेल, किंवा घरातील पुढच्या पिढीने आठवणीने लिहिला असेल. चित्रकार्डांच्या बाबतीत पाठीमागची बाजू पाहावी. ज्या कार्डाच्या मागे केवळ पत्त्यालाच जागा आहे ते जुन्या पद्धतीचे. मजकूर व पत्ता यांसाठी मागची बाजू दुभागण्याची परवानगी ब्रिटनमध्ये १९०२ साली मिळाली व मग ती रीत इतरत्र पसरली. टपालाचा शिक्का असेल तर त्यावरून उत्तरसीमा मिळते : चित्र त्या तारखेनंतरचे असू शकत नाही. पण ते कितीही आधीचे असू शकते, कारण जुन्या काचांवरून वर्षानुवर्षे कार्डे छापली जात.

मथळ्यातील स्थलनाम कालनिश्चितीस विशेष उपयोगी पडते. मुंबईचे बोरीबंदर पाहा. १८५३ साली पहिली आगगाडी निघाली ती बोरीबंदर येथून. तेथील भव्य इमारत १८७८ ते १८८७ या काळात बांधली गेली व तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. १९९६ साली त्याचे छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द घालण्यात आला. मथळ्यातील नावावरून तो मथळा कोणत्या काळी लिहिला गेला हे कळते. चित्र कोणत्या काळचे ते मात्र कळेलच असे नाही. हॉर्नबी रोडचा दादाभाई नवरोजी रोड झाला, एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी रोड, बझार गेट स्ट्रीटचा पेरीन नरिमन स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केटची महात्मा जोतिबा फुले मंडई. अशा नामांतरांची सालवार यादी प्रत्येक नगरासाठी तयार झाली तर मथळ्यांच्या परीक्षेचे निम्मे काम होईल.

नावाचे रोमन लेखनही असाच पुरावा देते. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज लेखक मराठी ‘अ’ या स्वरासाठी रोमन ‘यू’ हे अक्षर वापरीत. हरिश्चंद्र चिंतामणि यांचे नाव रोमन लिपीत ‘हर्रीचंद’ असे जे लिहिले गेले त्यात ‘ह’ आणि ‘च’ या दोहोंपुढे ‘यू’च आहे. त्याच रीतीने वणी या गावाचे व त्यावरून जिल्ह्याचे नाव रोमन लिपीत ‘डब्ल्यू-यू-एन’ असे लिहिले जाई. आज ते वाचणारा ‘वुन’ असे वाचील. परंतु लिहिणाऱ्याच्या मनात उच्चार ‘वण’ असाच होता. पुढे ‘अ’साठी ‘ए’ हे अक्षर योजण्याची पद्धत सरकारी लेखनात स्थिरावली, तरी जुनी रूपे नकाशांतून व मथळ्यांतून पुष्कळ काळ रेंगाळली.

६. मुखनाम : वस्तू गेली, नाव राहिले

आता तिसऱ्या, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या, पुराव्याकडे वळू.

नगरातील स्थलनामे पुष्कळदा आरंभी वर्णनात्मक असतात. दरवाजा असतो म्हणून ‘दरवाजा’, तलाव असतो म्हणून ‘तलाव’. पुढे वस्तू नाहीशी होते, नाव मागे राहते आणि ते अपारदर्शक बनते. म्हणजे बोलणाऱ्याला त्याचा घटकार्थ जाणवत नाही. मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर रोज लाखो माणसे उतरतात, परंतु तेथे गेट नाही. सेंट टॉमस चर्चकडे जाणारा तो कोटाचा दरवाजा तटांबरोबरच १८६० नंतरच्या दशकात गेला. धोबी तलावात तलाव नाही. ‘काळा घोडा’ म्हणजे सातव्या एडवर्डचा युवराज असतानाचा अश्वारूढ पुतळा. तो १९६५ साली तेथून हलविण्यात आला. त्यानंतर अर्धशतकभर घोडा नसताना चौक काळा घोडाच राहिला, आणि २०१७ साली तेथे स्वारावाचून घोड्याचा नवा पुतळा बसविण्यात आला. नावामुळे वस्तू पुन्हा निर्माण झाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

पुण्याच्या लकडी पुलात लाकूड नाही. तेथीलच शिवाजी पूल १९२३ साली बांधला गेला. शंभर वर्षे होऊन गेली तरी लोकांच्या तोंडी तो ‘नवा पूल’च आहे. ‘नवा’ हे विशेषण ज्या क्षणी दिले गेले त्या क्षणी ते खरे होते. भाषेने तो क्षण गोठवून ठेवला, जसा छायाचित्राने गोठवून ठेवावा तसाच.

काही नावे धंद्याबरोबर प्रवासही करतात. कोटातील चर्चपुढचे मैदान कापसाच्या गाठींनी भरून जाई म्हणून ते ‘कॉटन ग्रीन’. १८४४ साली तो व्यापार कुलाब्याकडे नेण्यात आला व पुढे २०व्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीकडील भरणी केलेल्या जमिनीवर गेला. आज कॉटन ग्रीन हे नाव तेथील रेल्वे स्थानकाला आहे. जुन्या चित्राखाली ‘कॉटन ग्रीन’ असे दिसले आणि वाचकाने ते शिवडीचे समजले, तर सारे अनुमान दोन कोस चुकेल.

या उदाहरणांवरून एक सिद्धांत मांडता येईल. छायाचित्र वस्तू जपते आणि नाव गमावते. बोली नाव जपते आणि वस्तू गमावते. दोहोंचा मेळ घातला तरच जुने नगर समजते. तो मेळ घालणारी व्यक्ती म्हणजे ज्याने ती वस्तू पाहिली आहे आणि ज्याला ते नावही ठाऊक आहे असा माणूस. हा दुवा प्रत्येक पिढीबरोबर तुटत असतो.

७. यवतमाळचा विचार

यवतमाळ हे नगर या दृष्टीने अत्यंत उपयुक्त क्षेत्र आहे. याचे नावच एक प्रश्न आहे. ‘आईन-इ-अकबरी’त या परगण्याचा उल्लेख ‘योत-लोहारा’ असा येतो. गॅझेटियरकारांच्या मते ‘योत’ हे ‘येवता’ या गावाच्या जुन्या नावाचे रूप असून लोहारा हे पश्चिमेस सुमारे तीन मैलांवरील गाव होय; आणि ‘माळ’ हा अवयव ‘महाल’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. आज सामान्य बोलणाऱ्यास त्यात ‘माळ’ म्हणजे उंच मोकळी जमीन हाच अर्थ जाणवतो, आणि गाव पठारावर असल्यामुळे तो पटतोही. महसुली शब्द विसरला गेला आणि भूगोलाने त्याची जागा घेतली. इंग्रजी अमलातील रोमन लेखनात ‘वाय’ या अक्षरानंतर ‘ई’ व ‘ओ’ ही अक्षरे येत. त्यांत ‘येवत’ या उच्चाराची खूण अद्याप राहिलेली दिसते.

जिल्ह्याचे नावही कालनिश्चितीस उपयोगी आहे. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा वणी जिल्हा होता. तेव्हा त्याला यवतमाळ हे नाव मिळाले व वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका त्यास जोडला गेला. म्हणून ज्या मथळ्यात यवतमाळ जिल्हा असे शब्द आहेत तो मथळा १९०५ पूर्वीचा असू शकत नाही. त्याचप्रमाणे वऱ्हाडचा उल्लेख मध्यप्रांताच्या जोडीने येत असेल तर तो १९०३ नंतरचा समजावा, कारण त्या वर्षी वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यात आला. केळापूर हे तालुक्याचे नाव व पांढरकवडा हे त्याच्या मुख्य गावाचे नाव. अशा जोडनावांमुळे होणारा घोटाळाही मथळे वाचताना ध्यानात ठेवावा.

यवतमाळ नगरपालिका १८९४ साली अस्तित्वात आली. १९०१ साली गावाची वस्ती दहा हजारांच्या थोडी वर होती; २०११ च्या शिरगणतीत ती एक लाख सोळा हजारांच्या पुढे गेली. या वाढीचे मूळ कापसात आहे आणि ते रस्त्यांच्या नावांत अद्याप वाचता येते. यवतमाळला आगगाडी येण्यापूर्वी येथील माल पक्क्या सडकेने २९ मैलांवरील धामणगाव स्थानकावर जाई. धामणगाव रस्ता, दारव्हा रस्ता, आर्णी रस्ता, पांढरकवडा रस्ता ही नावे पुरुषांची नव्हेत, दिशांची आहेत. कोणत्या दिशेने बंड्या भरून जात व कोणत्या दिशेने माणसे बाजाराला येत, याचा तो नकाशाच होय.

पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग झाला. ७६२ मिलिमीटर मापाच्या सुमारे ११३ किलोमीटर लांबीच्या या मार्गाची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती. किलिक निक्सन ही तिची व्यवस्थापक पेढी. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर गाडी ओढीत असे. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. या गाडीची चित्रे देशोदेशींच्या रेल्वेप्रेमी लोकांनी काढलेली आहेत, आणि त्यांच्या कालनिश्चितीस ही एक तारीख पुरेशी उपयोगी पडते. परंतु आमच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे ते गाडीचे नाव. कंपनीच्या नावात ‘शकुंतला’ हा शब्द नाही. तो लोकांच्या तोंडचा. गाडी आता थांबली आहे. ‘शकुंतला’ हे नाव मात्र जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. ते आज ठाऊक आहे म्हणून उद्याही असेल, असे चर्चगेटच्या उदाहरणावरून वाटेल. पण चर्चगेटला स्थानकाच्या फलकाचा आधार आहे. ज्या नावाला फलक नाही त्याचे आयुष्य बोलणाऱ्याच्या आयुष्याइतकेच.

यवतमाळच्या जुन्या घरांच्या चित्रांबाबतही हेच. एका चित्रात उतरत्या छपराचे घर दिसते. पुण्याचा अभ्यासक छपरावर ‘कौले’ आहेत असे लिहील. यवतमाळचा वृद्ध गृहस्थ ‘कवेलू’ म्हणेल. सपाट मातीच्या छताला तो ‘धाबे’ म्हणेल, लोखंडी पन्हळी पत्र्याला ‘टिन’. रस्त्यावरील बैलगाडी पाहून तो क्षणभर थांबेल आणि ‘ही बंडी नव्हे, ही दमणी’ असे सांगेल. म्हणजे ही मालाची नव्हे, माणसांची. एवढ्या एका शब्दाने चित्रातील माणूस कोण आणि तो कोणत्या कामाला निघाला आहे, याचा उलगडा होतो. पाठीमागच्या उंच भिंतीला तो ‘जिन’ म्हणेल व कोणाची जिन तेही सांगेल. यांतील एकही शब्द चित्रात दिसत नाही.

८. कार्यपद्धती

विद्यार्थ्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून काही सूचना येथे एकत्र देतो.

पहिली : चित्राची प्रत घेताना दोन्ही बाजूंची घ्यावी, आणि कडा कापू नयेत. पाठीवरील शिक्का, छायाचित्रगृहाचे नाव, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, पुठ्ठ्याचा रंग ही सर्व साक्ष आहे. आज चित्रे भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरतात, आणि प्रत्येक फेरीत कडा छाटल्या जाऊन मथळे गळून पडतात. मग ‘जुने यवतमाळ’ या नावाखाली कोणत्याही गावाचे चित्र खपून जाते. मूळ कागद ज्या घरी आहे त्या घरीच प्रत घ्यावी व घराचा पत्ता नोंदवून ठेवावा. मूळ प्रतीच्या चित्रबाजूवर काहीही लिहू नये.

दुसरी : वृद्ध माणसास चित्र दाखविताना उत्तर सुचवू नये. ‘ही जुनी कचेरी ना?’ असे विचारले की बहुधा ‘हो’ असेच उत्तर येते, कारण पाहुण्यास नाही म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. ‘काकाजी, इथं काय दिसतं?’ एवढेच विचारावे आणि थांबावे. आलेला शब्द जसाच्या तसा, बोलीतील रूपात लिहावा. त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये. ‘कवेलू’चे ‘कौल’ झाले की पुरावा संपला.

तिसरी : एकाच चित्रावर किमान तीन व्यक्तींची मुखनामे घ्यावीत, आणि त्या व्यक्ती निरनिराळ्या व्यवसायाच्या व वस्तीच्या असाव्यात. स्त्रियांना वगळू नये. विहीर, घाट, पाणवठा, गल्लीच्या आतील वाट यांची नावे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असतात, कारण हमरस्त्याच्या नावाशी त्यांचे काम पडत नसे. साक्षी परस्परविरुद्ध आल्या तर त्या तशाच नोंदवाव्यात. एकाच चौकाला दोन वस्त्यांत दोन नावे असणे हा दोष नसून शोध आहे.

चौथी : अंतर्लेख, अधोलेख व मुखनाम यांच्या नोंदी वेगवेगळ्या रकान्यांत कराव्यात, आणि अभ्यासकाचे स्वतःचे अनुमान चौथ्या रकान्यात. हे चार रकाने एकमेकांत मिसळले की पुढच्या अभ्यासकास कोणते विधान कोणाचे हे कळत नाही, आणि मग सारे काम संशयास्पद होते. काळ नेमका ठरत नसेल तर पूर्वसीमा व उत्तरसीमा लिहाव्यात. ओढूनताणून साल घालू नये.

पाचवी : चित्र ज्या जागेवरून घेतले ती जागा शोधून त्याच जागेवरून, शक्य तो दिवसाच्या त्याच प्रहरी, आजचे चित्र घ्यावे. सावल्यांवरून दिशा व प्रहर यांचा अंदाज येतो. त्या निमित्ताने अभ्यासक त्या रस्त्यावर उभा राहतो, आणि आजूबाजूचे लोक काय चालले आहे ते विचारतात. मुखनामांच्या संग्रहास याहून चांगली सुरुवात नाही.

९. समारोप

वर केलेल्या विवेचनावरून एवढे स्पष्ट होईल की, नगराचे जुने छायाचित्र ही पूर्ण झालेली साक्ष नव्हे. ती अर्धी साक्ष होय. उरलेला अर्धा भाग भाषेत असतो : काही पाटीवर, काही मथळ्यात, आणि सर्वांत मोठा भाग बोलणाऱ्यांच्या स्मरणात. मुंबईच्या १८६० सालच्या चित्रासमोर बसून ‘हा दरवाजा, ही वाट, हे आमचे दुकान’ असे सांगणारा मनुष्य आता मिळणार नाही. तेथे दप्तरांवरून आणि नकाशांवरून तर्क लढविण्यावाचून गत्यंतर नाही. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड येथील २०व्या शतकाच्या मध्यातील चित्रांसंबंधी अशी स्थिती अद्याप आलेली नाही. १९५० सालच्या बाजाराचे चित्र पाहून त्यातील दुकाने ओळीने सांगू शकतील अशी माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या घरच्या पेटीतील कागद आणखी पन्नास वर्षे टिकेल. त्यांचा शब्द तितका टिकणार नाही. म्हणून जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधाचा विषय निवडताना कागदाआधी शब्दाचा विचार करावा, आणि ज्यांना कोणी विचारावयास गेलेले नाही त्यांच्याकडे आधी जावे.